ताणलेली लाल स्प्रिंग

मी एक जुना रिफॉर्मर आहे, मित्रांनो. नाव इंग्रजी असलं तरी बिचकू नका, जन्मानं मी मुंबईचाच. पिलाटीस नावाचा व्यायाम करताना माणसं ज्याच्यावर झोपतात, बसतात, कधी उभी राहतात, ते लाकडी यंत्र म्हणजे मी. लांबून पाहिलंत तर पलंग वाटेन. जवळ आलात तर दिसेल, की माझी गादी रुळांवर पुढेमागे सरकते, तिला खालून चार स्प्रिंगा जोडल्या आहेत, पायाशी रेटायला एक आडवी दांडी आहे आणि डोक्याशी हातात धरून ओढायचे दोन पट्टे आहेत.

सध्या माझा मुक्काम गिरगावात, खोताच्या वाडीतल्या एका लाकडी घराच्या मागच्या पडवीत आहे. घरमालकीण आनंदीबाई उन्हाळ्यात माझ्यावर कुरडया वाळत घालतात आणि पावसाळ्यात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचतात. तक्रार नाही. रिकामं पडून राहण्यापेक्षा कुरडयांचं ओझं बरं. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझं लाकूड बोटीचं. रे रोडच्या पलीकडे जुन्या बोटी मोडतात, तिथलं सागवान चिंतामणी मिस्त्रींच्या वखारीत आलं आणि वर्षभर कोपऱ्यात पडून राहिलं. एके दिवशी नूपुर नावाची मुलगी फोनमधला एक फोटो घेऊन आली. ती फिजिओथेरपी शिकलेली, पुढे पिलाटीस शिकलेली. परदेशातलं यंत्र मागवणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. मिस्त्रींनी फोटो उलटासुलटा करून पाहिला.

"ताई, ह्यो पलंग काय पाळणो? झोपतलो कोण नि झोके देतलो कोण?"

"मिस्त्री, यात झोपणाऱ्यानंच स्वतःला झोके द्यायचे असतात."

"मगे कठीण असा," मिस्त्री म्हणाले आणि पेन्सिल कानामागून काढली.

दोन महिने त्यांनी मला घडवलं. रूळ तीनदा बसवले आणि तीनदा काढले, कारण गादी सरकताना कुठेतरी किंचित कुरकुरत होती आणि मिस्त्रींना झोप येत नव्हती. स्प्रिंगा बाहेरून आल्या: दोन लाल, जड, एक निळी, मध्यम, एक पिवळी, हलकी. जितक्या अडकवाल तितकी गादी ओढायला जड. मग टेम्पोतून मी खोताच्या वाडीत आलो. नूपुरनं आनंदीबाईंची तळमजल्यावरची पुढची खोली भाड्यानं घेतली होती. बोटीच्या लाकडाला समुद्र सुटल्याचं दुःख होतंच, पण दसऱ्याला नूपुरनं मला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, तेव्हा ते दुःख जरा कमी झालं.

पुढची सात वर्षं मी काम केलं. मान आखडलेले बँकवाले आले, कंबर धरलेल्या शिक्षिका आल्या, घोटा मुरगळलेली नाचणारी पोर आली. सगळी कण्हत यायची आणि ताठ चालत जायची. नूपुरचं कौतुक व्हायचं, तसं माझंही व्हायचं. "काय यंत्र आहे हो," असं म्हणत माझ्या दांडीवर थापही मारायचे. पण माझ्या धंद्याची रीत अशी, की माणूस बरं झालं की माझा त्याचा संबंध संपला. दवाखान्यातल्या बाकड्याला दिवाळीचा फराळ कोण नेऊन देतं? संध्याकाळी नूपुर दिवा मालवून गेली की मी आणि चार स्प्रिंगा. इतकी माणसं अंगावर निजून गेली, पण सोबतीला एकही नाही.

मग कालिंदी आली.

पन्नाशी ओलांडलेली, एका शाळेच्या कचेरीत काम करणारी, गिरगावातच राहणारी. डाव्या गुडघ्यातला लिगामेंट तुटून ऑपरेशन झालं होतं. पाच महिने झाले होते. बरोबर नवरा होता, हेमचंद्र, भला माणूस. तो दारातच म्हणाला, "तशी चालते हो आता. जिन्यानं चढते-उतरते. मी म्हणतो, चालतंय ना, मग झालं. आणखी काय पाहिजे?"

"मला फुगडी घालायची आहे," कालिंदी म्हणाली.

हेमचंद्र हसला. नूपुर हसली नाही. तिनं वहीत लिहून घेतलं: फुगडी.

मित्रांनो, तुमच्या घरी मंगळागौर होत असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीच्या पूजेनंतर बायका खेळ खेळतात: झिम्मा, पिंगा, गाठोडं, नाना तऱ्हेच्या फुगड्या. आता त्याची मंडळं झाली आहेत, हॉलमध्ये कार्यक्रम होतात. कालिंदी अशाच एका मंडळात होती आणि तिची जोडीदारीण होती शेजारच्या चाळीतली नलू. वीस वर्षं दोघींची फुगडी कार्यक्रमाच्या शेवटी असायची. फुगडी म्हणजे पायांचे अंगठे जुळवायचे, हातांची अढी घालायची, मागे रेलायचं आणि गिरकी घ्यायची. आपला सगळा भार दुसरीच्या हातात असतो. दादरच्या एका हॉलमध्ये ऐन रंगात आलेली ती अढी सुटली. नलू भिंतीवर आदळून वाचली, कालिंदीचा गुडघा गेला. "नलूनं हात सोडला," हे त्या दिवसापासून सगळं मंडळ म्हणत होतं. मला ते पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण कालिंदीला भेटायला आलेल्या मंडळातल्या बायका माझ्याशेजारच्या बाकावर बसून तेच बोलत होत्या. कालिंदी छताकडे बघत गप्प पडून राहायची.

तिची एक सवय मला कोड्यात टाकायची. पट्टे धरण्याआधी ती हात पुसायची. एकदा रुमालाला, मग ओढणीला, मग पुन्हा रुमालाला. तळवे कोरडे ठक्क असले तरी पुसायची. नूपुरला वाटायचं, काकूंना घाम फार येतो.

काम सावकाश सुरू झालं. पाठीवर झोपून दोन्ही पावलं दांडीवर टेकवायची, तोंडानं श्वास सोडत, बेंबी आत खेचत गादी रेटायची, आणि तितक्याच सावकाश परत यायचं. पाहणाऱ्याला वाटतं यात काय आहे. पण माझ्याशी लबाडी चालत नाही. एक पाय कमी रेटत असेल तर मला अंगभर कळतं.

"काकू, उजवा पाय डाव्याचं झाकतोय," नूपुर म्हणाली. "डावा नुसता पाहुण्यासारखा बसलाय. त्यानं आपलं काम आपण करायला हवं, नाहीतर उजवा एक दिवस थकेल. तुम्ही चालाल, पण पूर्ण बऱ्या नाही होणार."

कालिंदीनं मान फिरवली. तिला ते वाक्य गुडघ्यापेक्षा आत कुठेतरी लागलं, हे मला तेव्हा समजलं नाही.

उजवा पाय बाजूला ठेवून, एकटी पिवळी स्प्रिंग लावून, डाव्याला नव्यानं शिकवणी सुरू झाली. दहा वेळा रेटलं की मांडी थरथरायची. महिना गेला, मग निळी लागली. होळीच्या सुमारास पहिल्यांदा लाल. नूपुर कधी तिला खाली चटईवर घ्यायची. एकदा गुडघे छातीशी धरून, पाठ गोल करून मागे लवंडायचं आणि परत बसायचं असा प्रकार दाखवला, तर कालिंदी खुदकन हसली.

"अगं, हे तर आमचं गाठोडं. आम्ही पायांचे अंगठे धरून करतो. नलू तर चार चार..." आणि तिथंच थांबली.

माझी आणि तिची खरी ओळख एका दुपारी झाली. ती गुडघ्यांवर बसून पट्टे मागे ओढत होती. बाहेर गल्लीतून दोन बायका बोलत गेल्या, त्यातला एक आवाज नलूचा होता. मी ओळखत नव्हतो, पण कालिंदीनं ओळखला. तिच्या हातातून पट्टे सुटले. गादी धाडकन माझ्या चौकटीवर आपटली आणि माझे सांधे हादरले. नूपुर धावत आली.

"काकू, ओढलेला पट्टा एकदम सोडायचा नाही. जितका ओढलाय तितकाच हळू परत आणायचा, मग सोडायचा. लागलं असतं ना तुम्हाला."

नूपुर पाणी आणायला आत गेली, आणि आत आनंदीबाईंनी तिला नळाच्या तक्रारीवरून धरून ठेवलं. कालिंदी माझ्या गादीवर उताणी पडली. डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. माणसं यंत्रासमोर मोकळी बोलतात, कारण यंत्र कुणाला सांगत नाही.

"नलूनं नाही सोडलं," ती छताला म्हणाली. "माझे हात निसटले."

मग तिनं सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. मेंदी गडद व्हावी म्हणून लवंगा टाकून गरम केलेलं खोबरेल हातांना चोळतात. तिनं ते रात्री चोळलंच होतं. पण मेंदी मनासारखी रंगली नाही, म्हणून हॉलमधल्या खोलीत, फुगडीच्या दहा मिनिटं आधी, पुन्हा चोळलं. इतक्यात नाव पुकारलं. नऊवारीच्या पदराला हात पुसल्यासारखे केले आणि धावली. तिसऱ्या गिरकीला तळवे घसरले. दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा खाटेभोवतीच्या बायका म्हणत होत्या, नलूनं ऐनवेळी हात सोडला. त्या वेळी दुखण्यानं तोंडातून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी सांगायची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी नलू स्वतः भेटायला आली आणि दारातूनच, डोळे खाली घालून, परत गेली.

"मग उशीर होत गेला," कालिंदी म्हणाली.

मित्रांनो, मी लाकूड आहे, पण माझ्यावर निजलेल्या माणसाचं वजन मला कळतं. त्या दुपारी ती मला नेहमीपेक्षा जड लागली. मला म्हणावंसं वाटलं, बाई, हे मला सांगून काय उपयोग? दोन गल्ल्या सोडून पलीकडे जाऊन सांग. पण माझ्याकडे बोलायला कुरकुरण्याखेरीज काय आहे? आणि मिस्त्रींनी तर तेवढीही कुरकुर ठेवली नव्हती.

दिवस जात राहिले. दीड वर्षात कालिंदी उकिडवी बसू लागली, डाव्या पायावर एकटी उभी राहू लागली. पट्टे धरून मागे रेलायची, माझ्या स्प्रिंगा तिला पुढे ओढायच्या, ती मागे, मी पुढे. डोळे मिटून ती तो ताण ऐकत असायची. फुगडीला दोघी लागतात, आणि त्या काळात दुसरी मी होतो. मला ते आवडायचं. लपवून काय करू? तिच्या मंगळवार-शुक्रवारची मी वाट पाहायचो.

आषाढ सरत आला तसा मंडळाचा निरोप आला: यंदा कालिंदीनं परत यावं, फुगडी मेघनाबरोबर, म्हणजे मंडळातल्या नव्या, तिशीतल्या मुलीबरोबर. नलूचं नावसुद्धा नव्हतं. दोन वर्षांत नलूला पेटीजवळ गाणी म्हणायला बसवलं होतं. तिच्या हातात हात द्यायला कुणी तयार नव्हती.

त्या मंगळवारी नूपुरनं कालिंदीची शेवटची तपासणी केली. डॉक्टरांचा होकार आधीच आला होता. दोन्ही पायांची ताकद सारखी भरली. "काकू, तुम्ही पूर्ण बऱ्या झालात," नूपुर म्हणाली, आणि तिलाच भरून आलं.

"अजून नाही," कालिंदी म्हणाली. तिनं पिशवीतून फोन काढला. "नलू, मी बोलतेय. खोताच्या वाडीत येशील? आत्ता. हो, तिथंच."

अर्ध्या तासानं नलू आली. बुटकी, काटक बाई, हातातल्या पिशवीत अळूची पानं. दारात चप्पल काढून उंबऱ्याशीच उभी राहिली. नूपुर उठून जाऊ लागली, तर कालिंदीनं तिला हातानं थांबवलं. साक्षीला कुणी हवं होतं तिला.

"नलू, त्या दिवशी तू हात सोडला नव्हतास. माझ्या हातांना तेल होतं. मेंदीसाठी लावलेलं. मी कुणालाच सांगितलं नाही."

नलूनं पिशवी खाली ठेवली.

"लवंगेचं," ती म्हणाली.

"काय?"

"लवंगेचं तेल. माझ्या तळव्यांना दोन दिवस वास होता. मला तेव्हाच कळलं होतं, कालिंदी."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू अँब्युलन्समध्ये. तिथं काय पंचनामा करत बसू? पडलेल्या माणसाला काय बोलायचं?" नलूचा आवाज चढला नाही. "नंतर वाट बघितली. म्हटलं, उठेल तेव्हा सांगेल. तू उठलीस. चालायला लागलीस. माझ्या घरासमोरून इथं यायचीस, खिडकीतून दिसायचीस."

कालिंदी ओढणीला हात पुसू लागली.

"दोन वर्षं मला कुणी हात दिला नाही गं. झिम्म्यालासुद्धा नाही. भाचीच्या मंगळागौरीत तिची सासू म्हणाली, मावशींना बसू दे खुर्चीवर."

"सगळ्यांसमोर सांगते. येत्या मंगळवारी, कार्यक्रमाच्या आधी."

"सांग. सांगायलाच हवं तुला, त्यात मी नाही म्हणणार नाही." नलूनं दोन्ही पायांतली जोडवी काढून अळूच्या पिशवीवर ठेवली. "आधी हात धू जा. साबणानं."

दोघींनी मोरीत हात धुतले. नूपुरनं कोरडा पंचा दिला. जागा व्हावी म्हणून मला ढकलून भिंतीला लावलं. दोघींनी पायांचे अंगठे जुळवले, हातांची अढी घातली. मग कालिंदी मागे रेलली. तिचा डावा गुडघा मी दीड वर्ष ओळखत होतो. तो डळमळला नाही. पहिली गिरकी सावकाश, दुसरी जरा वेगानं. माझे पट्टे वाऱ्यानं हलत होते. थांबतानाही त्या एकदम थांबल्या नाहीत. गिरकी मंद करत आणली, सरळ उभ्या राहिल्या, मग हात सोडले. दोघींच्याही गालांवर पाणी होतं आणि कुणीच ते पुसत नव्हतं.

नंतर त्या बोलत बोलत निघाल्या. नलू जोडवी घालायला उंबऱ्यावर टेकली, कालिंदीनं अळूची पिशवी घेतली. मला वाटलं, जाताना एकदा मागे बघेल. नाही बघितलं. बघावं असं मला फार वाटत होतं.

पुढचं मी नूपुरच्या तोंडून ऐकलं, ती आनंदीबाईंना सांगत होती तेव्हा. कालिंदीनं हॉलमध्ये माईक हातात घेऊन सगळं सांगितलं. काही जणींनी टाळ्या वाजवल्या, काही जणी महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. "ते माझं मीच सोसलं पाहिजे," असं ती म्हणाली म्हणे. फुगडी नलूबरोबरच झाली, कार्यक्रमाच्या शेवटी, पूर्वीसारखी.

त्याच वर्षी नूपुरची भरभराट झाली. परळच्या एका काचेच्या इमारतीत तिनं मोठी जागा घेतली. तिथं लोखंडी, चकचकीत नवी यंत्रं आली. नेण्याजोगा मी राहिलो नव्हतो. रूळ झिजले होते आणि चिंतामणी मिस्त्री आता कोकणात गावी असतात. निघताना नूपुर माझ्याजवळ थांबली, दांडीवर हात ठेवला, काहीतरी म्हणणार होती, तर टेम्पोवाल्यानं हाक मारली. दोघा हमालांनी मला मागच्या पडवीत आणून ठेवलं. दोन दसरे झाले, झेंडू काही आला नाही.

तर मित्रांनो, तुम्हाला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. कुठे पडलात, मोडलात, तर "चालतंय ना, मग झालं" म्हणून अर्ध्यावर थांबू नका. आपला लंगडा पाय दुसऱ्या पायाच्या जिवावर ढकलू नका, आणि आपली चूक दुसऱ्या माणसाच्या जिवावर तर मुळीच नाही. कालिंदीचा गुडघा मी बरा केला. उरलेलं तिचं तिलाच बरं करावं लागलं.

दुसरी गोष्ट माझ्याबद्दलची आहे. नियम असा, की काम संपलं की सगळ्या स्प्रिंगा काढून ठेवायच्या, म्हणजे त्यांनाही विसावा मिळतो. निघायच्या गडबडीत नूपुरच्या हातून एक तशीच राहून गेली. माझी एक लाल स्प्रिंग त्या दिवसापासून अडकवलेली आहे. वरून वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत, म्हणून कुणाला दिसत नाही. ती ताणलेलीच आहे, अजून कुणीतरी पट्टा धरून असल्यासारखी. कधी खोताच्या वाडीत आलात, तर मागच्या पडवीत या, आनंदीबाई रागावत नाहीत. हात नीट पुसा आणि ती तेवढी काढून ठेवा. एकदम नको. हळू.